थंड पाण्यातल्या स्कूबा डायव्हिंगला मोठी टाकी: बारा लिटर की पंधरा?

प्रश्न एका जुन्या विद्यार्थिनीचा आहे: "सर, कंपनी दोन वर्षांसाठी स्कॉटलंडला पाठवतेय. अंदमान आणि मालवण धरून माझ्या २२ डाइव्ह झाल्यात, सगळ्या ॲल्युमिनियम ८० या हवेच्या टाकीवर. तिथल्या क्लबातले म्हणतात की ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा सूट) घेतेस तर टाकीही मोठी घे, स्टीलची १५ लिटर. माझी उंची ५ फूट ३ इंच, वजन ५४ किलो. हवा मी तशी कमी घेते, तुम्हाला माहितीच आहे. घेऊ का?"

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. पहिल्या वर्षी १२ लिटरची, २३२ बारची (बार हे दाबाचं माप) स्टीलची टाकी घे. तिच्या शेजारी ३ लिटरची छोटी टाकी लाव, जिला तिकडे पोनी म्हणतात. पंधराच्या नादात जे जास्तीचे पैसे जाणार होते ते रेग्युलेटरवर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोगती करून तोंडात देणाऱ्या यंत्रावर, घाल. क्लबातल्या लोकांचंही चुकत नाहीये. ते बहुतेक सहा फुटी, नव्वद किलोचे गडी असणार, त्यांच्या पाठीवर पंधरा शोभते.

आता 'थंड' म्हणजे काय ते. डिसेंबरात सकाळी सातला टिळक तलावात पाय घालताना तू जी किंचाळायचीस ते थंड नव्हे. युरोपात रेग्युलेटरचं जे मानक आहे, ईएन २५०, त्यात १० अंश सेल्सियसच्या खालच्या पाण्याला थंड पाणी म्हणतात आणि त्याची चाचणी ४ अंशांच्या पाण्यात घेतात. आपलं पानशेत किंवा पवना कडाक्याच्या थंडीतही तिथवर उतरत नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्याला हिवाळा सरताना समुद्र ६-७ अंशांवर असतो, उन्हाळाअखेरीस १३-१४ वर. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने तू त्या रेषेच्या खाली पोहणार आहेस, आणि अंदमानच्या २८-२९ अंशांत शिकलेले हिशेब तिथे लागू पडणार नाहीत.

पहिला हिशेब हवेचा. तू कमी हवा घेतेस हे मी पाहिलंय, पण ते पातळ सूटमध्ये, तळ दिसणाऱ्या पाण्यात. पृष्ठभागावरच्या मापानं तुझं मिनिटाला १५ लिटर पडायचं. ड्रायसूटमध्ये अंगाला पाण्याचा अडथळा वाढतो, आतले थर हालचाल जड करतात, थंडीनं श्वास उथळ आणि भरभर होतो, शिवाय सूटमध्ये सोडायची हवाही त्याच टाकीतून जाते. पहिल्या वीसेक डाइव्हसाठी मिनिटाला २५ लिटर धर. कमी निघालं तर आनंदच आहे.

त्याहून महत्त्वाचा हिशेब राखीव हवेचा. आपल्याकडे पर्यटकांच्या बोटीवर '५० बारला वर या' एवढंच सांगतात आणि उथळ, उबदार पाण्यात ते खपून जातं. थंड पाण्यात राखीव हवा म्हणजे बडीची, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराची, हवा पूर्ण बंद पडली तर दोघांना एका टाकीवर वर आणायला लागेल तेवढी. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर तरी ओढतो, दोघांचे ६०. समज तुम्ही २० मीटरवर आहात, म्हणजे दाब ३ बार. काय झालं ते कळायला आणि रेग्युलेटर तोंडात जायला एक मिनिट: १८० लिटर. तिथून ५ मीटरपर्यंत मिनिटाला ९ मीटरच्या वेगानं यायला धरून चालू दोन मिनिटं, सरासरी दाब सव्वादोन बार: २७० लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, दाब दीड बार: आणखी २७०. एकूण ७२० लिटर. याला हात लावायचा नाही. ती हवा तुझी नाहीच, ती त्या दिवशी तुझ्याबरोबर उतरलेल्या माणसाची आहे.

आता तीन टाक्या शेजारी ठेवू. आपली ऐंशी म्हणजे पाण्याच्या मापानं ११.१ लिटरची, २०७ बारची. थंड पाण्यात उतरल्यावर दाबाचा काटा १९० धर, ११.१ गुणिले १९०: २१०० लिटर. राखीव वजा केली की १३८० उरले. २० मीटरवर तुझा खर्च मिनिटाला २५ गुणिले ३, ७५ लिटर, म्हणजे १८ मिनिटं. बारा लिटरची टाकी २३२ बारची असली तरी पाण्यात २१५ च धर: २५८० लिटर, राखीव जाऊन १८६०, म्हणजे २५ मिनिटं. पंधरा लिटरला त्याच दाबानं ३२२५, राखीव जाऊन २५०५, म्हणजे ३३ मिनिटं.

ऐंशीवरून बारावर गेलीस की ७ मिनिटं मिळतात, बारावरून पंधरावर गेलीस की ८. पहिली सात जवळजवळ फुकटात पडतात, कारण किनाऱ्यावर बाराचं वजन ऐंशीएवढंच आहे. पुढच्या आठांची किंमत पाठ मोजते.

ती किंमत किती, ते घरच्या मापानं सांगतो. स्वयंपाकघरातला गॅसचा रिकामा सिलिंडर १५-१६ किलोचा असतो. ऐंशी किंवा बारा लिटरची स्टील टाकी भरून उचललीस की त्याच्या आगेमागे, १७-१८ किलो. पंधरा लिटरची भरलेली टाकी व्हॉल्व्हसकट २२-२३ किलो, म्हणजे निम्मा गॅस संपलेला सिलिंडर. निघण्याआधी एकदा करून बघ: तसा सिलिंडर ट्रेकिंगच्या सॅकमध्ये बांध, कमरेला ८ किलोचा शिशाचा पट्टा लाव आणि कोथरूडच्या तुमच्या इमारतीचे दोन जिने चढून ये. जमलं तर लगेच उतरून पुन्हा चढ, कारण दिवसाला दोन डाइव्ह असतात. तिकडे कित्येक जागी शेवाळलेल्या दगडांवरून चालत समुद्रात उतरायचं असतं, आणि बोटीची शिडी लाटेवर वरखाली होते. थंड पाण्यातल्या डाइव्हला निघालेली माणसं मी पाण्यापेक्षा किनाऱ्यावर जास्त वेळा जायबंदी झालेली पाहिलीत. गुडघा, घोटा, कंबर. आणि दमून पाण्यात उतरलेला माणूस मिनिटाला २५ नाही, ३५ लिटर ओढतो. मग ती आठ मिनिटं कुठे गेली?

वजनाची दुसरी बाजू स्टीलच्या बाजूची आहे, तीही ऐक. ॲल्युमिनियमची ऐंशी रिकामी होत आली की तरंगायला लागते, साधारण २ किलोनं वर ओढते. हे तुला माहीत आहे, हॅवलॉकला शेवटच्या पाच मिनिटांत तुझे पाय वर जायचे. त्या दोन किलोंसाठी कमरेला जादा शिसं बांधावं लागतं. स्टीलची बारा रिकामी झाली तरी किंचित बुडतीच राहते. नेमका आकडा बनावटीप्रमाणे बदलतो, कंपनीचा तक्ता बघ, पण ऐंशीच्या तुलनेत पट्ट्यातलं तीनेक किलो शिसं कमी होतं असं धर. ड्रायसूट आणि आतले गरम कपडे बुडवायला आधीच बरंच शिसं लागतं, त्यात हे तीन किलो मोलाचे. थंड पाण्यात लोक स्टील घेतात ते मुख्यतः यासाठी.

मात्र जड टाकी घेऊन पट्टा अगदी रिकामा करू नकोस. टाकी पाण्यात सोडून देता येत नाही, पट्टा देता येतो. बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जाकीट) फाटली तर निदान दोन-चार किलो टाकता आले पाहिजेत. आणि वजनाची तपासणी डाइव्हच्या सुरुवातीला नाही, शेवटी कर: काटा ५० वर, खोली ५ मीटर, बीसीडी रिकामी, सूटमध्ये अंग आवळणार नाही इतकीच हवा, अशा अवस्थेत स्थिर राहता यायला हवं. हवेलाही वजन असतं, लिटरला सव्वा ग्रॅमच्या आत. बारा लिटरची टाकी २१५ वरून ५० वर येते तेव्हा तू सुमारे अडीच किलोनं हलकी झालेली असतेस, पंधराच्या टाकीत तीन किलोनं. मोठी टाकी म्हणजे सुरुवातीला जास्त बुडणं आणि शेवटी जास्त तरंगणं, हेही त्यात आलं.

आकाराचं थोडक्यात. बारा लिटर दोन घडणींत मिळते: उंच आणि सडपातळ, १७१ मिलिमीटर व्यासाची, नाहीतर बुटकी आणि रुंद, २०४ मिलिमीटरची. पंधरा सहसा २०४ चीच असते. तुझी पाठ आखूड आहे. उंच टाकी लावलीस तर व्हॉल्व्ह डोक्याला लागेल नाहीतर बूड मांड्यांवर आपटेल, पण बुटकी टाकी वजन खांद्याकडे नेते आणि डोकं खाली जातं. दोन्ही लावून पाण्यात पोहून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. क्लबात कुणीतरी देतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

मी तिकडे नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. फेब्रुवारी महिना, पाण्यानं भरलेली एक जुनी दगडखाण, पाणी ६ अंश. माझ्याकडे मागून आणलेली पंधरा लिटरची टाकी होती आणि मी त्या भरवशावर निवांत होतो. रेग्युलेटर मात्र आपला इकडचाच, गरम पाण्यासाठी घेतलेला. साधारण १८ मीटरवर सूटमध्ये हवा सोडायला बटण दाबलं, त्याच क्षणी खोल श्वास घेतला, आणि सेकंड स्टेजमधून, म्हणजे रेग्युलेटरच्या तोंडात धरायच्या भागातून, हवा धो धो सुटली ती थांबेचना. आवाज एवढा की विचार सुचत नाही. काटा १९० वर होता. बडीचा रेग्युलेटर तोंडात धरून वर आलो तेव्हा ४० राहिले होते. दोन-तीन मिनिटांत सव्वादोन हजार लिटर हवा फुकट गेली. टाकी बाराची असती तर तीच हवा थोडी आधी संपली असती, बस. मी वर आलो तो बडीच्या टाकीवर.

हे का होतं ते समजून घे. टाकीतली २०० बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे रेग्युलेटरच्या टाकीवर बसणाऱ्या भागात, एकदम भोवतालच्या दाबाहून दहाएक बार जास्त इतक्यावर येते. दाब असा कोसळला की हवा गार पडते, शून्याच्या बरीच खाली. अंदमानात भोवतालचं पाणी २८ अंशांचं असतं, ते त्या धातूला ऊब देत राहतं. ६ अंशांच्या पाण्याजवळ द्यायला ऊबच नसते. स्प्रिंगला किंवा पिस्टनला टेकलेलं पाणी गोठतं, झडप उघडी अडकते, मधल्या नळीतला दाब चढतो आणि सेकंड स्टेज सुटते. हवा जितकी जोरात सुटते तितकी गारठते, जितकी गारठते तितका बर्फ पक्का होतो. आपोआप थांबण्याचा प्रश्नच नाही.

म्हणून थंड पाण्यात टाकीच्या पोटापेक्षा तिच्या मानेकडे आधी बघायचं. फर्स्ट स्टेज डायफ्रामची आणि सीलबंद हवी, म्हणजे आतल्या भागांना पाणी शिवत नाही. अंगावर '>१० अंश', म्हणजे दहा अंशांहून गरम पाण्यासाठी, असा शिक्का असलेला रेग्युलेटर थंड पाण्यासाठी नाही, दुकानदार काहीही सांगो. इथून तुझा नेऊ नकोस, माझ्याच सांगण्यावरून घेतलेला असला तरी.

आणि दुसरी, स्वतंत्र वाट हवी. तिचे दोन प्रकार. एक म्हणजे टाकीवर दोन तोंडांचा व्हॉल्व्ह, इंग्रजी वाय किंवा एच अक्षरासारखा. दोन तोंडांना दोन चाकं, दोन फर्स्ट स्टेज. एक सुटली की तिचं चाक बंद करून दुसरीवर श्वास घ्यायचा. मोठी टाकी घ्यायचीच असेल तर या व्हॉल्व्हशिवाय घेऊ नये असं माझं मत आहे. एकाच तोंडावर पंधरा लिटर लटकवणं म्हणजे मोठ्या हौदाला एकच नळ आणि तोही अडकणारा. पण ड्रायसूटच्या जाड बाह्यांतून मानेमागे हात नेऊन, योग्य चाक ओळखून, ते योग्य दिशेला फिरवणं सरावाचं काम आहे. २२ डाइव्हच्या माणसाला सहा अंशांत, जाड हातमोज्यांत ते पहिल्या झटक्यात जमेल असं मी म्हणणार नाही.

म्हणून तुला पोनी सांगतोय. ३ लिटर, २०० बार, म्हणजे ६०० लिटर, वेगळ्या रेग्युलेटरसकट. २० मीटरवरून एकटीला वर यायला मगाच्याच हिशेबानं ३६० लिटर लागतात. पुरून उरते, विचार करावा लागत नाही, चाक शोधावं लागत नाही. फक्त ती हवा डाइव्ह लांबवायला वापरायची नाही. जो वापरतो त्याच्याबरोबर उतरू नकोस.

बाकी सवयी: पाण्याबाहेर, गार वाऱ्यात रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघू नकोस, उच्छ्वासातली वाफ आत गोठते. पाण्यात उतरण्याआधी पर्ज बटणाशी (ते दाबलं की हवा एकदम सुटते) खेळू नकोस. सूट आणि बीसीडीत हवा थोडी थोडी, टप्प्याटप्प्यानं सोड आणि ती सोडताना खोल श्वास घेऊ नकोस. माझ्या खाणीतल्या प्रकारात मी नेमकं हेच चुकलो होतो.

मगाशी २३२ च्या जागी २१५ का धरले, ते राहिलं. मे महिन्यात आपला कंप्रेसर चालायचा तेव्हा टाकी हाताला चटका द्यायची आणि काटा दोनशेच्या वर, तलावात सोडली की पंधरा-वीस बार गायब, आणि नवी पोरं धावत यायची, "सर, गळतेय!" गळत काही नसतं. हवा गार झाली की दाब उतरतो, २०० बारच्या आसपास दर अंशाला पाऊण बारच्या आत. गरम भरलेली टाकी थंड समुद्रात गेली की तेच होतं, त्यात भरणाऱ्यानं घाई केलेली असली तर आणखी. दुकानातला काटा म्हणजे हॉटेलच्या मेनूवरचा फोटो.

३०० बारच्या टाक्यांचा मोहही होईल. १० लिटर, ३०० बार, लहान आकारात ३००० लिटर, असं वाटतं. तेवढी मिळत नाही. त्या दाबाला हवा आदर्श वायूसारखी दबत नाही, दहाएक टक्के कमी मावते, म्हणजे २७०० च्या आसपास. टाकी जाड आणि जड, सगळीकडे कुणी पूर्ण भरून देत नाही, आणि फर्स्ट स्टेजमधली दाबाची उतरण आणखी मोठी, म्हणजे गारठणंही जास्त. त्या वाटेला जाऊ नकोस. जोडणी मात्र डिनची घे, पेचाची. इथल्या बोटींवरची शिकंज्याची जोडणी २३२ पर्यंत चालते, पण डिनमध्ये ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बंदिस्त बसते आणि धक्क्यानं सुटत नाही.

पंधरा कधी घ्यावी? तुझ्या पत्रात शेवटी स्कापा फ्लोचं, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या त्या उपसागराचं, नाव आहे, म्हणून सांगतो. तिथे २१ जून १९१९ ला जर्मन आरमारानं नजरकैदेतल्या आपल्याच ७४ जहाजांना बुडवायला काढलं, ५२ बुडाली. बहुतेक नंतर भंगारासाठी उचलली. आज डाइव्हरना दिसतात त्या तीन युद्धनौका आणि चार क्रूझर. क्रूझर साधारण २५ ते ३५ मीटरवर, युद्धनौका त्याहून खोल. ३० मीटरला राखीव हवेचा हिशेब हजार लिटरवर जातो. बारा लिटरच्या टाकीत मग उतरण्यासकट पंधरा-सोळा मिनिटं उरतात आणि पंधराच्या टाकीत बावीस. ३० मीटरला मनोरंजनाच्या तक्त्यावर विनाथांबा मर्यादा (वर येताना सक्तीचे थांबे न घेता राहता येईल तेवढा वेळ) २० मिनिटांची आहे, म्हणजे पंधरा तिथे अगदी मापात बसते. त्याहून मोठी टाकी मात्र हवा शिल्लक असतानाच तुला त्या मर्यादेपलीकडे नेईल, आणि थंडीत ते जास्त महागात पडतं: तळाशी काम करताना ऊब आणि वर येताना गारठा ही जोडी डीकंप्रेशनच्या आजाराला (वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होतात तो) सगळ्यांत वाईट, हे अमेरिकी नौदलानं प्रयोग करून दाखवलंय. तेव्हा तू ३० मीटरला जाऊ लागशील तेव्हा पंधरा, दोन तोंडांच्या व्हॉल्व्हसकट, नाहीतर दहाच्या जुळ्या टाक्या. तोवर साठ-सत्तर डाइव्ह झालेल्या असतील आणि पाठीनं स्वतःचं मत बनवलेलं असेल. ३५ मीटरवरून ३ लिटरची पोनी काठावर पुरते, हेही तेव्हा आठव.

पहिल्या हिवाळ्यात २० मीटरला २५ मिनिटं कमी वाटतील असं समजू नकोस. विसाव्या मिनिटाला बोटांनी बकल उघडता येत नाही, तेव्हा टाकीत किती उरलं याची चौकशी कुणी करत नाही.

जुनी टाकी घेतलीस तर खांद्यावर कोरलेले आकडे वाच: पाण्याचं माप, कामाचा दाब, चाचणीची तारीख. ब्रिटनमध्ये दर अडीच वर्षांनी आतून पाहणी आणि दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते. तारीख उलटली असेल तर भरून मिळणार नाही. स्टीलच्या टाकीच्या तळाला जो बूट बसवतात त्याच्याखाली पाणी साचून गंज धरतो, बूट काढून बघ. पूर्ण रिकामी करून ठेवू नकोस, थोडा दाब राहू दे, म्हणजे आत ओल शिरत नाही. आतली ओलही गोठते.

आणि परत येताना टाकी आणायचा विचार असेल तर आत्ताच सोड. गॅस सिलिंडर आयात करायला आपल्याकडे परवाना लागतो, ते सगळं नागपूरच्या पेसोच्या, म्हणजे स्फोटकं आणि दाबाच्या टाक्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, अखत्यारीत येतं, आणि त्यांची मान्यता नसलेली टाकी इथे कुणी कायदेशीरपणे भरून देणार नाही. शिवाय सात अंशांसाठी घेतलेलं लोखंड कर्नाळ्याच्या पुढे न्यायचं कशाला? तिथेच क्लबात कुणाला तरी विकून ये. रेग्युलेटर मात्र घेऊन ये. सील कसं टिकलंय ते मला उघडून बघायचंय.